कंठ फुटल्याचे लाडू

आमच्या कॅथीड्रलमध्ये नाताळच्या कॅरल सर्व्हिसची, म्हणजे नाताळगीतांच्या प्रार्थनेची, सुरुवात एकच मुलगा, एकट्याने करतो. 'आमच्या' म्हणायची मला सवय लागली आहे आणि त्या सवयीचाही मला राग येतो, पण ते असो. मागच्या मोठ्या दाराशी मुलं मेणबत्त्या घेऊन उभी राहतात, दिवे मंद होतात, ऑर्गन गप्प असतो आणि त्या शांततेत एक पोरगा कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय पहिलं कडवं म्हणतो. मग बाकीचे त्याला येऊन मिळतात. वर्षभर जी मुलं शाळा सुटल्यावर त्या थंड दगडी इमारतीत गातात, त्यांच्या लेखी याहून मोठं काही नाही.

आणि तो मुलगा कोण, हे त्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. क्वायरमास्तर, म्हणजे या गाणाऱ्या मुलांचे मास्तर, चार मुलांकडून ते कडवं बसवून घेतात. चौघंही दाराशी पुढे उभे राहतात. मास्तर चौघांवरून नजर फिरवतात आणि एकाकडे बोट करतात. ज्याच्याकडे बोट, त्याने श्वास घ्यायचा आणि सुरू करायचं. ही पद्धत इंग्लंडहून आली म्हणे. मुलाला घाबरायला वेळ मिळू नये म्हणून असं करतात. आईला घाबरायला अख्खा महिना मिळतो त्याचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तर हसले आणि 'नो वरीज' म्हणाले. या माणसाच्या 'नो वरीज'ने माझं जितकं रक्त आटवलंय, तितकं कुणाच्या भांडणानेही आटवलं नसेल.

माझा मुलगा दोन वर्षं त्या चौघांत उभा राहिला. दोन्ही वर्षी बोट दुसरीकडे गेलं. यंदाचं तिसरं वर्ष आणि तेच शेवटचं, कारण तो तेरा वर्षांचा झाला होता. मुलांच्या गळ्यातला तो वरचा, स्वच्छ आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी जातो आणि आवाज गेला की मुलगा क्वायरमधून बाहेर पडतो. यंदा नाही तर कधीच नाही, असा मामला होता.

हे प्रकरण आमच्या घरात शिरलं कसं, ते आधी सांगते. तो आठ वर्षांचा असताना क्वायरमास्तर मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या शाळेत आले. क्वायरला मुलं कमी पडतात, म्हणून ते उपनगरांतल्या शाळा फिरतात. त्यांनी वर्गातल्या मुलांना ओळीने उभं करून एकेक सूर म्हणायला लावला. माझ्या मुलाने तो म्हटला, मग त्याच्या वरचा म्हटला, मग त्याच्याही वरचा, आणि हा कुठे थांबेचना. मला फोन आला तेव्हा मी कामावर होते. मी एका दूध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. हातात दुधाचे नमुने आणि खांद्याने कानाशी दाबलेला फोन. "युअर सन हॅज अ रिमार्केबल इन्स्ट्रुमेंट," पलीकडचा माणूस म्हणाला. तो गळ्याबद्दल बोलत होता, मला वाटलं, पोराने शाळेतलं कुठलं तरी वाद्य उचललं. मी आधी माफी मागितली.

आमच्या दोन्हीकडच्या घरांत गाणारं कुणी नाही. नवरा म्हणाला, "चांगलं आहे की, तेवढाच स्क्रीनपासून लांब राहील." पुण्याहून एका चुलत सासूबाईंचा फोन आला, "पोराला बाटवताय की काय?" यावर माझ्या सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या चिंचवडला एकट्या राहतात आणि रोज सकाळी स्तोत्रं म्हणतात. त्या एवढंच म्हणाल्या, "देवापुढेच गातोय ना? मग गाऊ दे की." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुढची पाच वर्षं बरंच काही माफ केलं.

आणि मग माझ्या आयुष्याचं वेळापत्रक त्या क्वायरने हातात घेतलं. माझी शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते आणि दोनला सुटते. सुटल्यावर गाडी काढायची, त्याला शाळेतून उचलायचं, फ्रीवेवरच्या गर्दीत चरफडत शहर गाठायचं, त्याला कॅथीड्रलला सोडायचं, पार्किंग शोधायचं आणि तालीम, मग संध्याकाळची प्रार्थना, असं सगळं संपेपर्यंत आतल्या कॉरिडॉरमध्ये बसून राहायचं. नवऱ्याचा प्रोजेक्ट दोन वर्षांपूर्वी सिडनीला गेला. तो तिथे क्वेकर्स हिलला एका मित्राबरोबर राहतो आणि शुक्रवारी रात्री घरी येतो. त्यामुळे 'आज तू जा ना' असं म्हणायला घरात माणूसच नाही.

त्या कॉरिडॉरच्या भिंतीवर क्वायरचे जुने फोटो आहेत. क्वायर कॅथीड्रलइतकीच जुनी. पहिल्या फोटोंचा रंग चहासारखा झालाय, पोरांचे भांग पाण्याने चापून बसवलेले, आणि प्रत्येक फोटोत एक तरी पोरगा हललेला, त्याचं तोंड पुसट. पलीकडे एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर दरवर्षीच्या मुख्य गायक मुलाचं नाव सोनेरी अक्षरात. ती पाटी मला पाठ झालीय. तिच्यावर आपल्याकडचं म्हणावं असं एकच आडनाव, तेही श्रीलंकेचं. फोटोंतली सगळी मुलं आठ ते तेराची. पुढे त्यांना मिशा फुटल्या का, त्यांनी काय कामधंदे केले, पुन्हा कधी गायले का, याचा भिंतीवर कुठेही पत्ता नाही. पोरगा गातोय तोवर फोटोत. मी पाच वर्षं डब्यातली पोळी-भाजी त्या फोटोंसमोर खाल्ली आणि प्रत्येक वेळी मला तेच खटकलं.

कपड्यांचं तर वेगळंच. पायघोळ लोकरी लाल झगा, त्यावर पांढरा सैल अंगरखा आणि गळ्याभोवती चुण्याचुण्यांची ताठ पांढरी गळपट्टी, तिला रफ म्हणतात. अंगरखा आणि रफ घरी धुवायचे. रफ धुतला की त्याची पार लुंगी होते. बाकीच्या आया स्टार्चचा फवारा मारतात, मीही मारायचे, पण दोन प्रार्थनांत त्या चुण्या मान टाकायच्या. शेवटी मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी साबुदाण्याची खळ करायला सांगितली. त्यानंतर माझ्या मुलाचा रफ पापडासारखा ताठ राहू लागला आणि रफची काळजी घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन 'सीक्रेट' विचारलं. पाच वर्षांत त्या इमारतीत माझं म्हणून जे कौतुक झालं, ते एवढंच.

लॉकडाऊनमध्येसुद्धा हे थांबलं नाही. प्रत्येक मुलाने घरी बसून आपला भाग रेकॉर्ड करायचा आणि मास्तर ते सगळे जोडणार. आमच्या घरात प्रतिध्वनी येतो म्हणून हा कपाटात बसून गायचा, माझ्या साड्यांच्या खाली. मी दार धरून उभी. शेजारचा कुत्रा भुंकला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि या सगळ्यातून मला काय मिळालं, तर लॅटिन गाणारा मुलगा. जर्मनही येतं त्याला थोडं. जुन्या इंग्रजीतली स्तोत्रं येतात. मराठी मात्र घशातच अडकतं. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. पानावर बसून "आय'म स्टार्विंग" म्हणतो. मी कित्येकदा म्हटलं असेल, "अरे, तुला तीन भाषांत देवाची विनवणी करता येते, आणि आईला 'मला भूक लागलीय' एवढं म्हणता येत नाही?" तो खांदे उडवतो. "यू नो व्हॉट आय मीन, आई." हो, मला कळतं. म्हणून तर संताप येतो.

तर यंदा नोव्हेंबरात सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि बेसन, जणू ट्रुगानिनात बेसन मिळतच नाही. नातू दाराशी उभा राहून पहिलं कडवं गाणार, ते याचि डोळा बघायचं, यासाठीच त्या आल्या होत्या. "गाणारच असं नाही हो आई, चौघांतला एक आहे," मी दहा वेळा सांगितलं. त्यांनी ते दहा वेळा ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या आल्या त्याच आठवड्यात, एका दुपारी मी कामावरून बाजार करत उशिरा घरी आले. त्या दिवशी तालीम नव्हती. सासूबाई शेजारच्या पंजाबी आजींबरोबर पार्कमध्ये गेल्या होत्या. वर बाथरूममधून पुरुषाचा आवाज आला. नवरा सिडनीला. माझ्या हातात गाडीची किल्ली होती ती मी चाकूसारखी धरली आणि जिना चढले. आतला माणूस ते कडवं म्हणत होता. पहिली ओळ नेहमीसारखी, स्वच्छ. दुसऱ्या ओळीत वरचा सूर आला तिथे आवाज दुभंगला आणि खाली एकदम कुणा बाप्याचा झाला. मग शिवी ऐकू आली. इंग्रजी शिवी, माझ्या मुलाची.

दार उघडून तो बाहेर आला आणि मला बघून पांढराफटक पडला. "डोन्ट टेल एनीवन," तो कुजबुजला. "प्लीज, आई. जस्ट टिल ख्रिसमस. रोज होत नाही. वन्स इन अ व्हाइल होतं."

मी काय करणार होते? मला त्याची दया आली आणि रागही आला. राग कुणावर, तेही कळेना. पाच वर्षं धावपळ केली ती या एका गोष्टीसाठी आणि निसर्गाला चार आठवडे थांबता येत नव्हतं. मी ज्येष्ठमध आणला, हळदीचं दूध दिलं, थंड पाणी बंद केलं, जणू हे खोकल्यासारखं बरं होणार होतं. ठरलं असं, की त्याने घरी-दारी जेवढं कमी बोलता येईल तेवढं बोलायचं, आणि बोललाच तर वरच्या पट्टीत. तो मुळात कमी बोलणारा. आता तर घरात मांजर असावं तसा वावरू लागला. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. म्हटलं, उगाच कशाला.

पण चिंचवडच्या चार खोल्यांत एकटी राहणारी बाई नातवाच्या तोंडून एक शब्द पडावा म्हणून कान टवकारून बसलेली असते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शिफ्टला असताना त्याने स्वयंपाकघरात येऊन "आजी, वन मोअर" म्हटलं असणार आणि ते खालच्या आवाजात आलं असणार. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी आले तर घरभर खरपूस भाजलेल्या बेसनाचा वास. "लाडू कशाबद्दल?" मी विचारलं. "रविवारी तिथे सगळ्यांना देऊ," त्या म्हणाल्या. "एवढं शिकवतात ते मुलाला." मला बरंच वाटलं. मीच डबा गाडीत ठेवला.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये चहा असतो. नवरा त्या शनिवार-रविवारी सिडनीतच अडकला होता. आईवडील, मुलं, गाणारे मोठे पुरुष, मास्तर, सगळे कागदी कप घेऊन उभे. सासूबाई रेशमी साडी, खाली स्नीकर्स, हातात डबा, अशा एकेकासमोर जात होत्या. मास्तरांनी एक लाडू तोंडात टाकला, दुसरा हातात घेतला आणि सौजन्य म्हणून विचारलं, "व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?"

मी दोन पावलांवर होते. सासूबाईंनी माझ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि आपलं सगळं इंग्रजी गोळा केलं. "हिज व्हॉइस ब्रोकन," त्या आनंदाने म्हणाल्या. "नाऊ बिग मॅन. व्हेरी हॅपी. टेक, टेक."

एका मुलाच्या आईने छातीवर हात ठेवला आणि "ओह, आय'म सो सॉरी, डार्लिंग" असं म्हणत माझ्या पोराला मिठी मारली. दुसऱ्या एकीने माझा दंड दाबला. कुणाचा तरी माणूस गेल्यासारखं वातावरण, आणि मधोमध सासूबाई लाडवांचा डबा घेऊन. त्यांना कळेना की सगळे असे का बघतायत. "बेसन," त्या म्हणाल्या. "नो एग." माझा मुलगा मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला आणि हॉलच्या बाहेर निघून गेला. मास्तर शांतपणे दुसरा लाडू खात होते.

घरी पोचल्यावर माझा पारा चढला. मुलगा वर जाऊन दार आपटून बसला आणि मी स्वयंपाकघरात सासूबाईंवर तोंड सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो आई? जरा विचारायचं तरी! इतके दिवस पोरगं जीव मुठीत धरून लपवतंय आणि तुम्ही दवंडी पिटलीत!"

"लपवतंय?" त्या खरोखरच गोंधळल्या. "अगं, कंठ फुटला त्याला. यात लपवायचं काय?"

"इथे त्याला आवाज मोडला म्हणतात. मोडला की संपलं. क्वायरमधून नाव गेलं."

"मोडतो कसा?" त्यांनाही आता राग आला होता. "मोडायला काय बांगडी आहे? पक्ष्याला कंठ फुटतो, बाळाला फुटतो, मग मुलाला पुन्हा एकदा फुटतो. पालवी फुटते तेव्हा तुम्ही काय झाडाच्या घरी भेटायला जाता? पोराला स्वतःचा आवाज आला. मी लाडू केले. माझं काय चुकलं ते तरी सांग."

'फुटणं' हा शब्द मी रोज वापरते, कप फुटला म्हणते, अंकुर फुटले म्हणते, आणि दोन्हींत किती अंतर आहे ते कधी माझ्या मनात आलं नव्हतं. पण म्हणून राग थोडाच जातो? मी भांडी आपटत राहिले. वर वळून पाहिलं तर जिन्यावर मुलाचे पाय दिसत होते. तो ऐकत होता. संध्याकाळी मी ओटा आवरताना पाहिलं, उरलेल्या लाडवांतले दोन कमी झाले होते. सासूबाईंना गोड चालत नाही, त्यांना साखर आहे.

दुसऱ्या दिवशी मी तालमीआधी मास्तरांना गाठलं. ते सायकलचं कुलूप लावत होते.

"तो अजून चौघांत आहे ना?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स. ते कडवं येतं ना त्याला?"

"पण त्याचा आवाज..."

"मला जुलैत, हिवाळ्यातच कळलं," ते म्हणाले. "माझं कामच आहे ते. छान होते लाडू."

"मग तुम्ही त्याला घेणार का? हो की नाही, एवढंच सांगा. एका शब्दात."

"आय डिसाइड ऑन द नाइट," ते म्हणाले. आणि वर "नो वरीज."

मला ती सायकल उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटली. हिवाळ्यापासून यांना ठाऊक. आणि आम्ही माय-लेक घरात मुक्याचं नाटक करतोय, ज्येष्ठमध उकळतोय. यांच्याकडे सरळ उत्तर देणं म्हणजे असभ्यपणा असावा. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण चार महिने आधी जातं, आणि इथे पाच वर्षांच्या मेहनतीचं फळ बोटाच्या टोकावर टांगून ठेवलेलं. मी पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना लाइव्हस्ट्रीमची लिंक पाठवून बसले होते. भारतात तेव्हा दुपार. जेवणं आटपून सगळे टीव्हीसमोर बसणार होते.

कॅरल सर्व्हिसच्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये अडतीस डिग्री होतं. कडाक्याच्या थंडीतल्या अंधाऱ्या रात्रीसाठी कुणीतरी इंग्लंडात बेतलेला हा समारंभ, आणि इथे बाहेर लख्ख ऊन. सूर्य साडेआठनंतर मावळतो. दिवे मंद केले तरी रंगीत काचांतून ऊन आत येत होतं आणि मेणबत्त्यांच्या ज्योती दिसतसुद्धा नव्हत्या. लोकरी झग्यात पोरांचे काय हाल होत असतील, ते त्यांनाच ठाऊक. पालकांना पुढे बसवतात. दार आमच्या पाठीशी. मागे वळून बघायचं नाही, असा न लिहिलेला नियम आहे. सासूबाईंनी माझा हात धरला होता. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो, पण हात मी सोडवून घेतला नाही.

सगळे गप्प झाले. कुणीतरी खोकलं. आता मास्तर नजर फिरवत असतील. आता बोट वर गेलं असेल.

पहिला सूर आला आणि मला कळलं. पहिल्या शब्दाच्या अर्ध्यातच कळलं. तो माझ्या मुलाचा आवाज नव्हता. एका लहानग्याचा होता, दहा-अकराचा असेल, काठोकाठ भरलेला आणि जरासा थरथरणारा. सुंदर होता. मला त्या सौंदर्याचं काही देणंघेणं नव्हतं. माझा फोन थरथरला. कामात अडकून सिडनीलाच राहिलेल्या नवऱ्याचा मेसेज, 'हा आपलाच ना?' खाली पुण्याच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडत होती. दुसऱ्याच्या पोराला.

सासूबाईंनी वाकून विचारलं, "हा का?"

"नाही," मी म्हटलं.

पुढचा दीड तास मी काय ऐकलं ते विचारू नका. मुलं आमच्या बाजूने चालत पुढे गेली. माझा मुलगा शेवटच्या रांगेत, मान सरळ, रफ कडक. तोंड हलत होतं. मी मनातल्या मनात मास्तरांना इंग्रजीत सुनावत होते आणि दर वेळी वाक्य आणखी धारदार करत होते. दोन बेसनाचे लाडू खाल्लेत तुम्ही आमच्या घरचे, इथपासून सुरुवात.

शेवटी सगळे पांगल्यावर मी आतल्या खोलीत गेले. मुलं झगे काढत होती. माझ्या मुलाने रफ काढून माझ्या हातात दिला आणि मान फिरवली. तेवढ्यात मास्तर घामाने निथळत समोर आले. मी तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"यू मस्ट बी व्हेरी प्राउड."

"कशाबद्दल?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तो मला ऐकू आला.

ते थबकले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ही हॅजन्ट टोल्ड यू? मी त्याच्याकडेच बोट केलं होतं. त्याने नकाराची मान हलवली आणि शेजारच्या छोट्याला पुढे केलं." पुढचं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, "एवढ्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं." आणि दुसऱ्या कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेले.

पार्किंगपर्यंत मी त्या दोघांच्या पुढे चालत राहिले. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि दोन सिग्नल जायच्या आत पेंगू लागल्या. मुलगा माझ्या शेजारी. आम्ही पुलावर आलो. समोर आकाश लाल झालं होतं, सूर्य सरळ डोळ्यांत.

"का?" मी विचारलं. "पाच वर्षं, अरे. पाच वर्षं! आणि शेवटी बोट तुझ्याकडे आलं, तर तू मान हलवलीस? घाबरलास का?"

"नो." त्याने उन्हापुढे हात धरला. "वरचा सूर आला असता. आय थिंक. फिफ्टी-फिफ्टी."

"मग?"

"मग काय? लाडू वाटून झाले होते ना."

"काय?"

"आजीने नव्या आवाजाचे लाडू वाटले. मास्तरांनी दोन खाल्ले, सगळ्यांनी खाल्ले. मीपण खाल्ले. मग जुना आवाज काढून कसं गाणार? दॅट'स लाइक चीटिंग." त्याने हे पट्टी वर न चढवता, न लपवता, आपल्या आवाजात सांगितलं. मी तो एवढा सलग पहिल्यांदाच ऐकत होते. "त्या लिटल किडचा खराच होता."

मला गाडी बाजूला घेऊन ओरडावंसं वाटत होतं. काय ओरडणार होते, ते मात्र सापडेना. मास्तरांसाठी तयार केलेली सगळी वाक्यं तशीच पडून होती. रफ माझ्या मांडीवर होता. आता त्याला कधी खळ करायची नव्हती.

मागून सासूबाईंचा झोपाळू आवाज आला. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "आलास का रे सिडनीहून? जेवलास का काही?"

त्यांना वाटलं, माझा नवराच बोलतोय. मग मुलगा सीटवरून मागे वळला.

"आजी, बाबा नाही. मी आहे," तो म्हणाला. "आणि मला भूक लागलीय."

फ्रीवेवरून घराकडे वळायचा माझा एक्झिट चुकला. मी पुढच्या एक्झिटपर्यंत तशीच चालवत राहिले.